लाकडं ओली आहेत

मालिन साती यांना सरळ बोललेलं कधी पचलंच नाही. सकाळी रस्त्यात भेटून तुम्ही नुसतं "काय मालिन, बरं आहे ना?" विचारलंत, तरी ते थांबणार, डोळे बारीक करून तुमच्याकडे बघणार आणि मनात म्हणणार, हा आज बरं आहे का विचारतोय, म्हणजे काल कुणीतरी याला माझं बरं नाही असं सांगितलंय. झालं! दिवसभर त्या 'कुणीतरी'चा शोध. आमच्या कोतो गुगुक गावात इतका संशयी माणूस दुसरा नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या त्या संशयावरच आमच्या कुळाची इज्जत उभी होती.

कारण मालिन आमच्या कुळाचे बोलणारे. लग्न असो, घरभरणी असो, कुणी गेलेलं असो, दोन घरची माणसं समोरासमोर मांडी घालून बसली की दोन्हीकडचा एकेक बोलणारा तोंड उघडतो आणि बाकीच्यांनी गप्प बसायचं. मध्ये विड्याचं तबक. दोघांचं बोलणं संपेपर्यंत कुणी ताटाला हात लावायचा नाही. रेंदांगच्या मटणावरचं तेल थिजतं, पोरं आयांना चिमटे काढतात, म्हातारे बसल्या बसल्या डुलक्या घेतात, तरी चालूच. आणि बोलायचं तरी काय? जे मागायला आलो ते सोडून बाकी सगळं. आमच्याकडे मुलीची माणसं मुलगा मागायला जातात. तर त्यांचा बोलणारा आधी वाटेतल्या ओढ्याबद्दल बोलेल, मग घराच्या खांबांबद्दल, मग म्हणेल, तुमच्या परसात फणसाचं एक रोप चांगलं वाढलंय आणि आमच्या अंगणात एक खड्डा रिकामा आहे. समोरचा म्हणेल, कसलं आमचं रोप, किडकं, वाकडं, तुमच्या अंगणाची शोभा घालवेल. म्हणजे मुलगा द्यायला ते तयार आहेत! "हो, आमचं रोप चांगलं आहे" असं तो म्हणाला, तर मात्र मुकाट्याने पान खायचं आणि घरी यायचं.

मालिनना यातलं सगळं ऐकू यायचं. समोरच्याने एकच गोष्ट पुन्हा पुन्हा म्हटली की त्यांचे कान टवकारायचे. कुणी प्रश्न विचारून उत्तराची वाट न बघता पुढे गेला, तर तो प्रश्न नव्हताच, आरोप होता. स्तुती फार झाली की नकार येतोय. एकदा शेजारच्या गावची माणसं कसल्याशा समारंभाला आली आणि जो तो आमच्या ओढ्याचं पाणी किती गोड, किती गोड म्हणायला लागला. मालिननी तिथल्या तिथे ओळखलं की यांना वरचा बांध फोडून पाणी तिकडे वळवायचंय. आणि तसंच निघालं की! तेव्हापासून लोक त्यांना वचकून असायचे. कातिक म्हणून आमच्यातलाच एक, मशिदीजवळ त्याचं दुकान, कॉफीच्या पानांचा काढा विकतो. तो म्हणायचा, "मालिन, तुमच्यासमोर मला शिंकायचीसुद्धा भीती वाटते. तुम्ही तिचाही अर्थ काढाल."

"काढतोच," मालिन म्हणायचे. "आत्ता शिंकलास ना? मी यायच्या आधी तू माझ्याबद्दलच बोलत होतास."

आणि कातिक खरंच बोलत असायचा. आता अशा माणसाला काय म्हणणार!

आमच्यात बोलण्याच्या चार वाटा असतात. चढाची वाट मोठ्यांशी बोलायची, उताराची धाकट्यांशी, सपाटीची बरोबरीच्यांशी. आणि चौथी तिरकी. तिरकी म्हणजे टोमणे मारायची नव्हे हं. तिरकी सोयऱ्यांशी बोलायची, सासूशी, जावयाशी, मेव्हण्याशी. ज्यांच्याशी भांडता येत नाही आणि ज्यांना तोंडावर काही सांगताही येत नाही, त्यांच्याशी. जावई उशिरा उठतो, तर त्याला उठ म्हणायचं नाही. अंगणातल्या कोंबड्याला म्हणायचं, अरे बाबा, तू तरी किती ओरडशील, घसा बसेल तुझा. अकलेचा जावई दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत शेतावर असतो. आणि जावई तर आमच्याकडे बायकोच्याच घरी राहतो, म्हणजे त्याचं आयुष्यच तिरकं ऐकण्यात जातं.

मालिनही एकेकाळी जावई होते. नव्या पोरांना सांगून खरं वाटत नाही, कारण त्यांनी बघितलेले मालिन म्हणजे प्रार्थनाघरात पथारी टाकून झोपणारे, बहिणीच्या घरी जेवणारे, काखेत छत्री अडकवून फिरणारे. पण तीसेक वर्षांपूर्वी त्यांचं लग्न झालं होतं, वरच्या वाडीतल्या रोसमानिदारशी. रोस मोठ्याने हसणारी, हसताना पदराआड तोंड न लपवणारी. मालिनचा तिच्यावर जीव होता. त्यांनी स्वतः हे कधी कुणाला सांगितलं नाही, पण गावाला दिसत होतं.

घरात सासू होती, तिनूर. मालिन तेव्हा नुकतेच बोलायला शिकत होते, शेतीत हात चालत नव्हता, आणि सासूचा शब्द न् शब्द ते तोलून बघायचे. सासू म्हणाली, मांजर फार सुस्तावलंय. मालिननी दोन घास कमी खाल्ले. सासू म्हणाली, यंदा नारळाला फळ कमी. मालिनना वाटलं, अजून मूलबाळ नाही म्हणून बोलली. मग एका सकाळी ते बाहेरच्या खोलीत काढ्याची वाट बघत बसलेले असताना स्वयंपाकघरातून सासूचा आवाज आला.

"लाकडं ओली आहेत. नुसता धूर. काही शिजायचं नाही आज."

मालिन ताठ झाले. ओलं लाकूड! चुलीत जागा अडवणारं, आच न देणारं. आणि धूर म्हणजे काय? धूर म्हणजे बोलणं! जावई नुसता बोलतो, ऊब काही देत नाही. वा! काय वाक्य होतं! रागाच्या आधी त्यांना कौतुकच वाटलं म्हणे. मग ते उठले, सदरा घातला, चपला घातल्या, दारामागची छत्री उचलली आणि खाली प्रार्थनाघराच्या पायरीवर येऊन बसले.

रुसून गेलेल्या जावयाला आणायला बायकोच्या घरचं माणूस येतं, ही आमची रीत. मालिन रस्त्याकडे तोंड करून बसले. त्या दिवशी कुणी आलं नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यात नाही. म्हणजे आपण बरोबरच ऐकलं होतं, अशी त्यांची खात्री पटली आणि काडीमोड झाला. रोसने पुढे दुसरा नवरा केला, तिला मुलगा झाला. मालिनना मात्र कुठलंच स्थळ पटेना. प्रत्येकाच्या बोलण्यात त्यांना काहीतरी खोच सापडायची.

आणि कमाल बघा, बोलायला शिकणाऱ्या पोरांना मालिन सासूचं तेच वाक्य नमुना म्हणून सांगायचे. "नाव घेतलं नाही, आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. चूल, लाकूड, धूर, बस. आणि माणूस घराबाहेर! असं बोलता आलं पाहिजे." पोरं माना डोलवायची. आमच्या गावात 'लाकडं ओली आहेत' हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तर आता नियारची गोष्ट. नियार म्हणजे मालिनच्या थोरल्या बहिणीची, बाइतीची, मुलगी. लग्नाच्या चादरींवर जरीचं भरतकाम करायची. आमच्यात मुलीचा खरा वाली तिचा मामा. बाप लाख असेल, पण मामा विड्याचं तबक घेऊन निघाल्याशिवाय लग्नाची गोष्ट पुढे सरकत नाही. एके दुपारी मालिन बहिणीकडे जेवत होते आणि नियार सुईतून मान वर न काढता म्हणाली, "मामा, मला लग्न करायचंय."

"कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? मलाच करायचंय. वरच्या वाडीतल्या रफदिनालशी. दुचाकी दुरुस्त करतो तो."

मालिनचा घास हातातच राहिला. "रोसचा मुलगा?"

"हो. रोसमावशींचाच."

"असं!" मालिननी ताट बाजूला सारलं. "बाइतीताई, लक्षात येतंय ना तुझ्या? इतकी वर्षं दम धरला त्या घराने. आता पोराला पुढे केलंय. मी मुलगा मागायला त्यांच्या पायऱ्या चढायच्या आणि त्यांनी चारचौघांत मला नाही म्हणायचं. डाव आहे डाव!"

"अरे डाव कसला, बुस्ता!" बाइतीताई त्यांना लहानपणच्या नावानेच हाक मारायची. "दोन वर्षं ही पोरगी त्याच्याकडे गाडी दुरुस्तीला जातेय म्हणून सांगते. आपल्या घरात गाडीच नाही, हे माझ्या डोक्यात आत्ता येतंय."

नियारने सुई खाली ठेवली. "मामा, त्याचा चुलतभाऊ दूर बाताम बेटावर असतो, तिथे त्याचं गॅरेज आहे. बोलणी झाली तर रफदिनाल इथेच बाजारात दुकान टाकेल. नाही झाली तर रोजे संपले की तो जाईल. आणि गेला की गेला. आपल्याकडचा गेलेला कुठला पोरगा लवकर परत आलाय?"

"तो असं म्हणाला, म्हणजे त्याला जायचंच आहे."

"मामा, तो म्हणाला की त्याला जायचं नाही!"

"तेच तर!" मालिन म्हणाले.

नियार उठून त्यांच्यासमोर येऊन बसली. लहानपणापासून ती त्यांच्याशी तोंड भरून बोलायची, मान ठेवून, पण हक्काने, वेळप्रसंगी खडसावूनही. त्या दिवशी तिने डोळे खाली घातले, हात मांडीवर ठेवले आणि एकदम मऊ, परक्या आवाजात म्हणाली, "बाहेर ऊन फार झालंय. वाटेने येणाऱ्याला त्रास होत असेल. आमच्या घरची सावली तशी विरळच."

मालिन दचकले. जावयाशी बोलतात तसं, सोयऱ्याशी बोलतात तसं. "हे काय?"

"नमुना," नियार नेहमीच्या आवाजात म्हणाली. "तुम्ही तिथे जा, आणि समोर बसून बोलणं पुरं करा. त्यांनी नाही म्हटलं तर नशीब माझं. पण तुम्ही कसला तरी अर्थ काढून मध्येच उठून आलात ना, तर जन्मभर मी तुमच्याशी असंच बोलेन."

मालिनना भर दुपारी थंडी वाजली. सगळं गाव त्यांच्याशी जपून बोलायचं, धडधडीत बोलणारं माणूस ही एकच पोरगी होती. ती गेली तर उरलं काय? ते जायला कबूल झाले. पण कान थोडेच घरी ठेवून जाता येतात!

ठरलेल्या दिवशी मालिन, बाइतीताई, कातिक आणि दोन म्हातारे असे वरच्या वाडीला निघाले. आभाळ भरलेलं होतं. पायऱ्या चढतानाच मालिनची मोजणी सुरू झाली. दारात स्वागताला रोसचा धाकटा भाऊ. का? त्यांचा नेहमीचा बोलणारा कुठे? तर म्हणे गुडघ्यांनी अंथरुणाला खिळलाय. गुडघे नेमके आजच? त्याच्या जागी बोलायला हा भाऊच बसणार, सुतान पालिंदी, बस चालवणारा, ज्याने जन्मात चार माणसांत तोंड उघडलेलं नाही. बसायला नवी चटई घातलेली होती. नवी का? जुन्या ओळखीला जुनी चटई चालली असती. तबकात पानं होती, ताटं मांडलेली होती, पण भात आलेला नव्हता. तेही मालिननी टिपलं. रोस दिसली नाही. ती आत स्वयंपाकघरात होती. तिचा दुसरा नवरा काही वर्षांपूर्वी वारला होता, आणि घर आता तिच्याच हातात होतं.

"नवशिका समोर बसवलाय," मालिन कातिकच्या कानात म्हणाले. "एक तर हा अपमान आहे, नाही तर सापळा."

"किंवा खरंच गुडघे दुखत असतील," कातिक म्हणाला.

"तू काढाच विक."

मग मालिननी सुरुवात केली. आणि काय बोलले म्हणून सांगू! ओढ्यापासून सुरुवात केली, पुलावर थांबले, या घराच्या खांबांना हात जोडले, गेलेल्या म्हाताऱ्यांची आठवण काढली आणि अशा अलगद वळणाने परसातल्या फणसापाशी आले की समोरचे म्हातारे डोळे मिटून डोलायला लागले. एक रोप तरारलंय, एक खड्डा रिकामा आहे, पाऊसपाणी चांगलं आहे, मायबापांनी विचार करावा. थांबले.

सुतान पालिंदीच्या कपाळावरून घाम निथळत होता. त्याने घसा खाकरला. "रोप म्हणजे... आमचा रफदिनाल ना? चांगला आहे हो तो. हात चांगला आहे त्याचा. जरा तापट आहे. आणि सकाळी उठत नाही."

सुतानच्या बाजूच्या म्हाताऱ्यांनी चटईत तोंड खुपसायचंच बाकी ठेवलं. चांगला आहे! चारचौघांत, बोलण्यांच्या बैठकीत, चांगला आहे!

"नकार दिला," मालिन ओठ न हलवता म्हणाले.

"मालिन, तो घाबरलाय," कातिकने त्यांचा सदरा ओढला. "त्याला येत नाही बोलता."

"घाबरलेला माणूस इतकं नेमकं बोलत नाही. तापट म्हणाला, ऐकलंस? तो मला तापट म्हणाला. मी उठून गेलो होतो ना, त्यावर."

"आणि सकाळी उठत नाही ते कुणाला?"

तेही मालिननी मनात कुठेतरी बसवलं असणार. त्यांनी पुन्हा एकदा वाट काढून दिली. म्हणाले, काही रोपं आपल्याच मातीत बरी दिसतात, ती हलवू नयेत असंही कुणाला वाटू शकतं. सुतान म्हणाला, "मला यांना विचारून सांगावं लागेल," आणि आपल्या माणसांकडे वळला. ही रीतच आहे, सगळ्यांनी ऐकलेलं असलं तरी बोलणाऱ्याने वळून आपल्या माणसांना विचारायचं. पण ती कुजबुज लांबली. कुणीतरी सुतानला कोपर मारलं. कुणीतरी हसू दाबलं. मालिनचे डोळे बारीक होत चालले.

आणि तेवढ्यात आतून रोसचा आवाज आला.

"जेवायला वेळ लागेल हो. लाकडं ओली आहेत."

सगळे थिजले. दोन्हीकडच्या प्रत्येकाला ते वाक्य पाठ होतं. कातिकने डोळे मिटून घेतले. बाइतीताई पुटपुटली, "संपलं." सुतानचं तोंड उघडंच राहिलं.

मालिनची मोजणी पुन्हा सुरू झाली. तेच घर, तीच चूल, तेच शब्द! तीस वर्षं जपून ठेवले आणि नेमक्या क्षणी काढले. आईचं वाक्य लेकीच्या तोंडून, भर बैठकीत, आणि वरून साधा घरगुती आवाज. त्यांना राग आला, आणि लाज वाटायची गोष्ट म्हणजे पुन्हा कौतुकही वाटलं. हात आपोआप मागे ठेवलेल्या छत्रीकडे गेला. ते अर्धे उठले.

दारापाशी रफदिनाल उभा होता. धुतलेली बोटं, तरी नखांत काळं तेल. तो मालिनकडे अशा नजरेने बघत होता की बिचाऱ्याने श्वासच घेतलेला दिसत नव्हता. आणि मालिनना नियारचा तो मऊ, परका आवाज ऐकू आला, बाहेर ऊन फार झालंय. जन्मभर. रोज जेवायला बसलं की असंच.

ते उठले. सगळ्यांनी माना खाली घातल्या. पण मालिन बाहेरच्या दाराकडे गेलेच नाहीत. ते आत वळले आणि थेट स्वयंपाकघरात शिरले. मागायला आलेल्या माणसाने यजमानांच्या स्वयंपाकघरात जायचं, हे आमच्या गावात ना आधी झालं होतं ना नंतर!

आत धुराने काही दिसत नव्हतं. रोस चुलीसमोर उकिडवी बसून बांबूच्या फुंकणीने फुंकत होती. केस पिकलेले, डोळे लाल. मालिन खाली वाकले आणि ढिगातलं एक लाकूड उचललं. जड होतं. नखाने दाबलं तर पाणी आलं. सालीवर शेवाळ होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं, उलटंसुलटं करून बघितलं, दुसरं उचललं. तेही तसंच.

"ओली आहेत," ते म्हणाले.

"मग मी काय म्हटलं?" रोस म्हणाली. "कड्याच्या बाजूला रचतो ना आम्ही. कायम पाझर असतो तिथे. माझ्या आईच्या वेळेपासून ओरडतोय सगळे, पण हलवतंय कोण!"

मालिननी लाकूड खाली ठेवलं. "त्या दिवशी..."

"त्या दिवशीही ओलीच होती." रोसने फुंकणी बाजूला ठेवली. "आईला तिरकं बोलताच यायचं नाही हो. अख्खी वाडी तिला हसायची त्यावरून. तुम्ही उठून गेलात, तर तिला वाटलं जावई सुकी लाकडं आणायला गेला. दुपारपर्यंत चुलीसमोर बसून होती. म्हणत होती, गुणाचा आहे ग, सांगावंसुद्धा लागलं नाही."

मालिन भिंतीला टेकले.

"मग न्यायला का नाही आलं कुणी?" शेवटी ते म्हणाले. "मी पायरीवर बसून होतो. रोज."

"आमच्या मामांनी बैठक घेतली. मी म्हणत होते जाऊ द्या मला, मी आणते. ते म्हणाले, ज्याला परत यायचं असतं तो काहीतरी मागे ठेवून जातो. सदरा, चपला, काहीतरी. बोलणारा माणूस आहे तो, त्याला हे कळत नाही होय? सगळं घेऊन गेला. छत्रीसुद्धा घेऊन गेला. म्हणजे कायमचाच गेला."

"रोस," मालिन म्हणाले, "पाऊस पडत होता."

रोस त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती हसायला लागली, तशीच मोठ्याने, तोंड न लपवता, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. मालिनही रडले. धूर होता म्हणून रडले असं कातिक सांगतो, पण ते खोटं आहे. त्यांना रडू आलं होतं.

ते बाहेर आले तेव्हा सगळी माणसं होती तशीच बसलेली होती. मालिन आपल्या जागेवर बसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "सुतान, आमच्या नियारला तुमचा रफदिनाल आवडलाय. त्यालाही ती आवडलीय. त्याला आम्हाला द्या."

आणि गप्प बसले.

आता तुम्हाला वाटेल की समोरच्यांनी लगेच हो म्हटलं असेल. कसलं हो! सुतान वळला आणि त्यांची जी कुजबुज सुरू झाली ती थांबेचना. सगळ्यांचे चेहरे कावरेबावरे.

"ओढ्याचं नाव नाही, खड्ड्याचं नाव नाही. यात काहीतरी आहे."

"मालिन साती आणि इतकं सरळ? नक्की कुठेतरी अडकवतोय आपल्याला."

"'आम्हाला द्या' म्हणाला. द्यावा अशी विनंती नाही. ही धमकी तर नाही?"

"आत जाऊन काय करून आला, ते विचारा आधी!"

एक म्हातारा तर म्हणाला, आज उत्तरच देऊ नका, मोठ्या बैठकीत ठेवू. मालिन ऐकत होते. त्यांनी तोंड उघडलं असतं तर संशय वाढलाच असता, आणि हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? ते हातावर हात ठेवून बसले. दारापाशी रफदिनाल एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होता. पोराचं लग्न आता मालिनच्या सरळपणापायी मोडायच्या बेतात आलं होतं.

तेवढ्यात रोस बाहेर आली, हातात ते ओलं लाकूड तसंच. "त्यांना जे म्हणायचंय तेच ते बोलतायत," ती म्हणाली. "दुसरं काही नाही त्यात. मी सांगते ना! मुलगा माझा आहे, आणि मी देतेय. सुतान, घे ते पान. आणि तुमच्यातला कुणीतरी उठून शेजारून सुकी लाकडं आणा, माणसं उपाशी बसलीत."

सुतानने इतक्या घाईने पान घेतलं की तबक लवंडलं. लाकडं आणायला रफदिनाल स्वतःच पळाला.

जेवून निघेपर्यंत पाऊस लागला होता. कातिकने बाइतीताईला आपल्या छत्रीत घेतलं, म्हाताऱ्यांनी केळीची पानं डोक्यावर धरली. मालिन सगळ्यांच्या पुढे, वाट उतरत, एकटेच.

नियार घराच्या जिन्याच्या खालच्या पायरीवर वाट बघत होती. मालिनना बघून ती पुढे आली, आणि तिला विचारायचा धीरच होईना.

"झालं," मालिन म्हणाले. "दिला त्यांनी."

नियारने त्यांचा हात घट्ट धरला. मग तिचं लक्ष गेलं आणि तिचा नेहमीचा आवाज फुटला, हक्काचा, खडसावणारा. "आणि हे काय, मामा! केवढे भिजलात! वय काय तुमचं, ताप आला म्हणजे? छत्री कुठंय?"

"वरच्या वाडीत."

नियार थांबली. तिने डोळे बारीक केले, अगदी मालिन करायचे तसे. मागून येणारे बाइतीताई आणि कातिकही जागच्या जागी उभे राहिले.

"राहिली," तिने विचारलं, "की ठेवलीत?"

मालिननी तोंड उघडलं. ओढा, पूल, खांब, फणसाचं रोप, सगळं त्यांच्या जिभेवर येऊन गेलं.

"ठेवली," ते म्हणाले.